डाव्या छातीची झडती

रूळ आत गेला.

दिवाणजी ज्यानं वहीत रेघा मारतो, तसला लाकडी रूळ. नेरच्या आमच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस चोरीला जातो म्हणून संध्याकाळी भोंगा झाला की फाटकावर झडती व्हायची. फक्त बायांची. गडी सरळ बाहेर. झडतीवाली बाई दुसऱ्या बायांना हातानं चाचपायची. आमच्या वस्तीतल्या बाया समोर आल्या की हात मागं आणि रूळ पुढं. आम्हाला हात लागला तर घरी जाऊन अंघोळ करावी लागेल. पौषातली थंडी. कोण करेल? म्हणून रूळ. कमरेला एक टोचा, पोटाला एक, छातीला दोन. चल, पुढं हो.

त्या दिवशी डाव्या छातीला रूळ टोचला आणि आतच गेला. जिथं अंग लागायला पाहिजे होतं तिथं लागलं नाही. बाईचे डोळे मोठे झाले.

"दिवाणजी, या बरं इकडं. इच्याजवळ कापूस हाये!"

कापूस होता. खोटं कशाला लिहू? माझ्या पोलक्यात कापूस होता. घरच्या उशीतला, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात शिवलेला. आठ महिन्यांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात माझं डावं स्तन कापून काढलं. कॅन्सर. वस्तीत कोणाला हा शब्द माहीत नव्हता. 'गाठीचं आपरेशन' एवढंच लोकांना ठाऊक. रिकाम्या जागी पोलकं लोळत पडायचं. लोक बघायचे. म्हणून मी कापूस भरत होते.

दिवाणजी आला. तोंडात पान.

"काढ."

"हा घरचा हाये, दिवाणजी."

"घरचा कापूस छातीत कायले ठेवते वो? उशी नाही का घरी?"

मागची रांग हसली. आमच्याच बाया हसल्या. मी हळू म्हणाले, "आपरेशन झालं माह्यं. एक बाजू नाही मले."

"मंग दाखव."

मी दाखवलं नाही. पण कापूस काढला. पदराखाली हात घातला आणि ती गुंडाळी त्याच्या टेबलावर ठेवली. पोलक्याची एक बाजू खाली बसली. म्हणजे दाखवल्यासारखंच झालं. दिवाणजीनं शिवण उसवली, बोटांनी कापूस पिंजून पाहिला. रांगेतून कोणीतरी बोललं, "भाषणवाली बाई अख्खा जिन छातीत घिऊन चालली वो!" पुन्हा हसू.

फाटकाबाहेर माझा नवरा सायकल घेऊन उभा होता. मला न्यायला आला होता. मागच्या कॅरियरवर पत्रकांचा गठ्ठा. त्यानं सगळं पाहिलं. मग वाकून सायकलची साखळी पाहू लागला. साखळी उतरली नव्हती.

*

आम्ही दोघं पत्रकवाले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली होती. तो लिहायचा, मी शुद्ध करायची. मी सातवी शिकलेली. बायांना वाचता येत नाही, म्हणून वस्त्यावस्त्यांत जाऊन मी मोठ्यानं वाचून दाखवायची. आमच्या एका पत्रकावर जाड अक्षरांत होतं: 'माणसाला माणसाचा विटाळ होत नाही.' ते वाक्य त्याचं. तो ते बोलायला लागला की सभेतली माणसं मांडी बदलायचं विसरायची. त्या वाक्यासाठी मी त्याच्यावर जीव टाकला होता.

गाठ आधी सरकीएवढी होती. मग बोराएवढी. वैदूनं पाला बांधला. पाल्याखाली ती वाढत राहिली. नागपूरला पोचलो तेव्हा डॉक्टरनं माझ्या नवऱ्याला विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" मला विचारलं नाही. कागदावर सही त्याची घेतली. मला सही येते. वळणदार येते. पेन माझ्याकडं वळलंच नाही.

आपरेशननंतर विजेचा शेक सुरू झाला. छातीला देत, ते मला समजत होतं. मग एक दिवस मशीन पोटावर आणलं. खाली, बेंबीच्याही खाली.

"पोटाले काहून?" मी विचारलं.

"सायबाला विचार," मशीनवाला म्हणाला.

सायबाला विचारलं. साहेब पुढच्या खाटेकडं गेले.

सुट्टी व्हायच्या दिवशी साहेब शिकाऊ पोरांना घेऊन आले. माझं पोलकं माझ्या परवानगीशिवाय उघडलं, टाके दाखवले. मी पडल्या पडल्या विचार करत होते की आता नाही विचारलं तर कधीच नाही. विचारलं, "सायेब, घरी गेल्यावर नवऱ्याजवळ जाता येते का?"

पोरांनी खाली पाहिलं. एक फिसकन हसला. साहेब म्हणाले, "जीव वाचला ना बाई? आता या गोष्टी डोक्यातून काढ. देवाचं नाव घे."

मी देव सोडून आलेली बाई. माझ्याजवळ घ्यायला नावही नव्हतं.

मग साहेबांनी नवऱ्याला व्हरांड्यात नेलं. काचेच्या दारातून मला त्याची पाठ दिसत होती. साहेब बोलत होते. तो मान हलवत होता. खूप वेळ हलवत होता. कशाला, ते मला सात महिने कळलं नाही.

*

घरी माझं ताट वेगळं झालं. पाण्याचा गडवा वेगळा. सासू माझं लुगडं काडीनं उचलायची. मी तिला आत्याबाई म्हणायची. ती मुळात वाईट नव्हती, भ्यायलेली होती. दीक्षेनंतर तिनं स्वतःच्या हातानं मरीआईचा तांदळा, शेंदूर फासलेला दगड, नदीत टाकला होता आणि तेव्हापासून ती वाट पाहत होती. काही ना काही येणार, कोणावर तरी येणार. माझ्या छातीवर आलं. शेजारणीशी ती कुजबुजायची ते मला ऐकू यायचं: "तिच्यावर आली. आता माह्या पोरावर येईन. जवळ गेला की येईन."

नवरा ओसरीवर झोपू लागला. "तुले आराम पाहिजे," म्हणायचा. महिनाभर मला पटलं. दोन महिने पटवून घेतलं.

पाळी बंद झाली. नवरा जवळ येत नाही, मग दिवस गेले म्हणावं तरी कसं? सव्वीस वर्षांची बाई मी. मला वाटू लागलं, रक्त आत साचून राहिलंय. काळं होतंय. रांजणात पाणी सडतं तसं सडतंय. बसल्या बसल्या अंगातून आग निघायची, थंडीत पोलकं भिजायचं, आणि मग हुडहुडी. मी पोटावर हात ठेवून बसायची. आत काय भरून राहिलंय? कोणाला विचारू? ज्याला ठाऊक होतं तो ओसरीवर पत्रक लिहीत होता.

एकदा बाजाराच्या दिवशी दुपारी आत्याबाई बाजारात गेली. मी आपणहून नवऱ्याजवळ गेले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. नवरा माझा, देह माझा, इच्छाही माझी. पोलकं अंगावरच ठेवलं, कापूस आत. तापल्या तव्याला बोट लावून पाहावं तसा त्यानं मला हात लावला. मग जे झालं ते काट्यांच्या फांदीवर ओढत न्यावं तसं. मी ओरडले. तो दचकून उठला. मोरीत गेला.

त्यानं हात धुतले.

साबण लावून, कोपरापर्यंत. पाण्याचा आवाज मी पडून ऐकला. एक गडवा, दुसरा गडवा, तिसरा. बाहेर आला तो पुसत पुसत. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "पत्रकं वाटाची हायेत."

*

झडतीच्या दिवशी घरी येईपर्यंत तो सायकल हातात धरून दहा पावलं पुढं चालत होता. दार लोटल्यावर म्हणाला, "कायले ठेवते ते छातीत? लोकं हसले."

"लोकं हसले ते पाह्यलं तुमी. रूळ पाह्यला का?"

"पाह्यला. त्याच्यावर लिहितो मी पत्रक."

"लिहा. त्या बाईले घरी जाऊन अंग धुवा लागू नये म्हणून ती रूळ धरते. तुमी तर हातानं शिवले अन् मंग धुतले. कोणाचं पत्रक आंधी लिहाचं?"

तो खाली बसला. चुलीपुढून आत्याबाई बोलली, "पोराले कायले बोलते वो? त्याचं काय चुकलं? मी बोरीची पोरगी पाह्यून ठेवली. माह्या बहिणीची. गोरीपान हाये. धडधाकट."

बोरी अरबला तिची बहीण होती. म्हणजे बोलणं तिथपर्यंत गेलं होतं.

"दुसरी बायको करणं कायद्यात बसत नाही, आत्याबाई."

"कायदा काय मले नातू देते?"

"नातू माह्या पोटचा होईन. थोडं थांबा."

"नाही होणार, माय!" नवरा ओरडला. आईवर ओरडला, पण बोलणं माझ्यासाठी होतं. "तिले नाही होणार. पोटाचा शेक त्याच्यासाठीच देल्ला. पाळी बंद कराले. बीमारी परत येऊ नये म्हणून."

चुलीवर भाकर करपली. कोणी उलटली नाही.

"तुमाले कवापासून ठाऊक?"

"तवापासून."

"अन् मले?"

"सायेब म्हणे, बाईले सांगू नको. खचते."

"माह्याजवळ येऊ नको, असंबी सांगतलं का सायबानं?"

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही. ते नाही सांगतलं. म्या विचारलंच नाही. भेव वाटलं."

इलाज बरोबर असेल. मी डॉक्टर नाही. मला विचारलं असतं तर कदाचित मीच हो म्हटलं असतं, जगायचं कोणाला नसतं? पण माझी पाळी बंद करायचा निर्णय दोन पुरुषांनी व्हरांड्यात उभ्यानं घेतला आणि मी काचेच्या अलीकडं पडून त्यांची मान हलताना पाहत होते. जिनच्या फाटकावर माझ्या अंगावर जो हक्क दिवाणजीनं सांगितला तोच दवाखान्यात साहेबानं सांगितला, तोच घरात नवऱ्यानं. तिघांच्या जाती वेगळ्या. माझ्या अंगापुरते तिघे एकाच जातीचे.

*

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईकडं गेले. ख्रिश्चन, पन्नाशीची, जाड भिंगांची. सगळे तिला सिस्टर म्हणत.

"सिस्टर, मले भाषण नाही पाहिजे. उत्तर पाहिजे."

तिनं दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं. हात धुतल्याचंही.

"कॅन्सर काय खरूज आहे, चिकटायला?" ती म्हणाली. "शंभर वेळा जवळ आला तरी त्याला होणार नाही. तुलाही त्यानं काही वाढणार नाही."

"आत रक्त साचलं असन ना?"

"काही साचलं नाही. शेकानं अंडाशयं झोपली. रक्त तयारच होत नाही, साचेल कुठून? उतारवयात बाईचं होतं ते तुझं आत्ताच झालं. म्हणून ही आग अंगातून निघते. म्हणूनच आतून कोरडं पडतं आणि दुखतं. खोबरेल तेल लाव. घाई करू देऊ नको. दुखलं की थांब म्हण."

"नाही थांबला तं?"

"तर ढकल. हात आहेत ना?" मग भिंगांवरून माझ्याकडं पाहत तिनं विचारलं, "इच्छा होते तुला?"

हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. आपरेशनच्या आधीसुद्धा नाही.

"होते."

"मग मेल्यासारखी काय बसलीस? जा. आणि त्याला घेऊन ये माझ्याकडं. तुला एकटीला सांगून अर्धंच काम होतं."

एवढंच. इतकं बोलायला तिला चहा निवायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. नागपूरच्या साहेबाजवळ तेवढा वेळ होता. त्यानं तो दिला नाही. सव्वीस वर्षांच्या मजूर बाईला अशी काही गरज असते हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. कापायला देह होता आमच्याजवळ. विचारायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी जिनात गेले. दिवसभर सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकला. पोलक्यात काही ठेवलं नव्हतं. डावी बाजू सपाट. भोंगा झाला, रांग लागली, माझा नंबर आला, रूळ उचलला गेला. मी तो हवेतच धरला.

"हातानं पाह्य. नाहीतर पाहू नको."

"सोड वो! दिवाणजी!"

दिवाणजी आला. "पुन्हा तू? काय भरलं आज?"

"काहीच नाही भरलं. एक बाजू कापली हाये माह्यी. चोरलं काही नाही. झडती घ्या. हातानं घ्या. विटाळ पाळणं गुन्हा हाये, सरकारचा कायदा हाये."

"कायदा मले शिकवते? उद्यापासून येऊ नको."

"नाही येत. पण आज हातानं झडती झाल्याबगर इथून हालत नाही."

मी फाटकात बसले. मागं आमच्या वस्तीतल्या बाया होत्या, परवा हसलेल्या. एक बसली. मग दुसरी. बाकीच्या उभ्याच राहिल्या, पण पुढं कोणी गेलं नाही. बाहेर कापसाच्या बैलबंड्या तटल्या. बंडीवाले शिव्या देऊ लागले. शेवटी झडतीवालीनं दोन बोटं माझ्या खांद्याला लावली, निखाऱ्याला लावावी तशी, आणि म्हणाली, "जा."

याला विजय म्हणू नका. दुसऱ्या दिवशी आम्हा तिघींना कामावर घेतलं नाही. रूळ अजून तिथं आहे. आता तो तिथं आहे हे सगळ्यांना दिसतं, एवढाच फरक.

मी पत्रक लिहिलं. त्याचं नाव: 'आपरेशन झालेल्या बाईचा विटाळ'. आमची पत्रकं छापणाऱ्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाचून उलटं ठेवलं. "बाई, हे चळवळीचं काम नव्हं. हे झाकून ठेवाचं असते." मी म्हटलं, झाकून ठेवल्यावर काय होतं ते माझ्या पोलक्यात येऊन पाहा. त्यांनी छापलं नाही. मी हातानं नकला काढल्या. घाटंजीच्या बाजारात बायांमध्ये वाचून दाखवलं. एक म्हातारी सगळ्या गेल्यावर जवळ आली, म्हणाली, "मले बारा वर्सं गोठ्यात झोपवलं, माय. गाठीपायी. बैलाले शिवत होता माहा बुढा, मले नव्हता शिवत." आणि निघून गेली. तिचं नावही विचारायचं राहिलं.

नवरा सिस्टरकडं आला. टाळत टाळत, पण आला. पाऊण तास खाली मान घालून ऐकलं. परत येताना म्हणाला, "बोरीले नाही म्हणून निरोप धाडतो." मी म्हटलं, धाडा. उपकार म्हणून नका धाडू.

काल दुपारी आत्याबाई शेतात होती. मी दाराची कडी लावली, खिडकी उघडी ठेवली. उजेडात पोलकं काढलं.

"पाह्या."

त्यानं पाहिलं. पहिल्यांदाच. काखेपासून छातीच्या हाडापर्यंत ओढलेली ती जांभळी रेघ, शेकानं करपलेली कातडी. तो डोळे पुसू लागला. मी म्हटलं, रडू नका, रडणं मला नको आहे. तेलाची वाटी त्याच्यापुढं सरकवली. सिस्टरनं सांगितलं तसंच सगळं. सावकाश. दुखलं. मी थांबा म्हटलं. तो थांबला. खरंच थांबला. मग दुखलं नाही. कितीतरी महिन्यांनी माझं अंग माझ्याकडं परत येत होतं, डाव्या बाजूसकट.

तो मोरीत गेला नाही. तिथंच पडून राहिला. त्याचा हात माझ्या उजव्या कुशीवरून वर गेला, काखेत गेला. आणि थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांगा."

त्यानं हात काढला नाही. म्हणाला, "इथं काहीतरी लागून राह्यलं."

मी माझी बोटं त्याच्या बोटांजवळ नेली. होतं. टणक. दाबलं तर सरकत नव्हतं. दुखतही नव्हतं. पहिलीही दुखली नव्हती.

बाहेर शेजारीण लाकडं फोडत होती, ठक, ठक. तो उठून बसला. "उद्याच्या मोटारीनं नागपूरले जाऊ. मी सायबाशी बोलतो. तू भेऊ नको."

"भेव वाटते," मी म्हटलं. "पण बोलणार मी."

"सायेब बाईमाणसाशी..."

"बोलतील. बोलल्याबगर मी खाटेवर चढत नाही."

हे मी आज लिहिते आहे. उद्या सकाळची मोटार आहे. मला मरायचं नाही. कापावं लागलं तर कापून घेईन, शेक लागला तर घेईन. कदाचित उशीर झालेला असेल, तेही मला ठाऊक आहे. पण या खेपेला व्हरांडा नाही. जे बोलायचं ते माझ्या खाटेपाशी, मला समजेल अशा मराठीत. काय कापणार. कुठं शेकणार. कशासाठी. किती दिवस उरतील, आणि त्या दिवसांत मी माझ्या नवऱ्याजवळ कशी राहणार. हे शेवटचं विचारल्यावर कोणी हसलं तर मी तेच पुन्हा विचारीन, मोठ्यानं, आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. उत्तर मिळेपर्यंत कागद कोरा राहील. त्यावर सही होईल तर माझी होईल.